बाळाच्या कवटीची शिवण वेळेआधी जुळणं : खान्देशात वर्षाला किती बाळं, आणि ती सापडतात कधी?

मोजपट्टी (जळगाव)

कवटीच्या हाडांमधले सांधे, म्हणजे शिवणी, बाळाचा मेंदू वाढत असताना उघड्या राहायला हव्यात. त्या वेळेआधी जुळण्याचा ‘दोन-अडीच हजारांत एक’ हा आकडा पाठ्यपुस्तकात सगळ्यांनी वाचलेला असतो. तो आपल्या तीन जिल्ह्यांना लावला तर काय निघतं ते मांडतो. गणितात खोट असेल तर दाखवा.

आधी आकड्याचा पाया. एखाद्या रुग्णालयात किती केसेस आल्या यावरून प्रमाण काढता येत नाही, कारण त्या परिसरात एकूण जन्म किती झाले हा भाजकच हाताशी नसतो. जन्मनोंदीशी जोडून मोजणी झाली तिथलेच आकडे धरावेत. अटलांटात १९८९ ते २००३ या काळात दर दहा हजार जन्मांमागे ४.३, पश्चिम ऑस्ट्रेलियात १९८० ते १९९४ मध्ये सुमारे ५, नेदरलँड्समध्ये त्यानंतरच्या काळात ६.४. म्हणजे साधारण १,५५० ते २,३०० बाळांमागे एक.

आता आपल्याकडे या. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४२.३ लाख, धुळे २०.५ लाख, नंदुरबार १६.५ लाख, मिळून ७९.३ लाख. जन्मदर हजारी १५ धरला (राज्याचा अलीकडचा दर त्याच्या आसपास आहे) तर वर्षाला १ लाख १९ हजार जन्म. त्याला वरचे दर लावले की ५० ते ७५ बाळं येतात. जळगाव २७ ते ४०, धुळे १३ ते २०, नंदुरबार ११ ते १६. नंदुरबारचा खरा जन्मदर जास्त असल्याने तिथला आकडा थोडा वर सरकेल.

हाच हिशोब उलटा करून बघा. तीस हजार वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षाला साडेचारशे जन्म धरले, तर तिथे चार-पाच वर्षांतून एक बाळ येणार. आदिवासी भागात केंद्र वीस हजारांना असतं, तिथे सहा-सात वर्षांतून एक. आणि हजार वस्ती सांभाळणाऱ्या आशाताईंच्या वाट्याला सव्वाशे वर्षांत एक! थोडक्यात, ज्यांच्या नजरेसमोर बाळ पहिल्यांदा येतं त्यातल्या बहुतेकांनी हा आजार आयुष्यात पाहिलेला नसणार. ‘अनुभवाने ओळखू’ हा मार्ग इथे बंद आहे. डोकं मोजायची टेप आणि मापाच्या ठरलेल्या तारखा एवढंच हातात राहतं.

---

गिरणाकाठ (चाळीसगाव)

गणित बरोबर आहे. पण ती पन्नास-पाऊणशे बाळं एका प्रकारची नाहीत, आणि त्यामुळे शोधण्याची पद्धतही एक नाही.

साधारण निम्म्या बाळांत मधली, म्हणजे टाळूपासून मागे जाणारी सॅजिटल शिवण जुळलेली असते. यात मुलीमागे तीन-चार मुलगे. १८५१ साली व्हिर्खोने मांडलेला नियम इथे सरळ दिसतो: जुळलेल्या शिवणीच्या आडव्या दिशेने वाढ थांबते आणि मेंदू वाट मिळेल तिकडे कवटी ढकलतो. डोकं अरुंद राहून पुढे-मागे लांबतं, कपाळ पुढे येतं, मागचा उंचवटा टोकदार होतो. घरचे अहिराणीत सांगतात, ‘पोऱ्यानं डोकं लांब दिखस’ (पोराचं डोकं लांब दिसतं). हे वाक्य कानावर पडलं की टेप काढायची.

पाचातल्या एका बाळात कोरोनल, म्हणजे टाळूपासून कानाकडे उतरणारी. एकाच बाजूची असेल तर त्या बाजूचं कपाळ चपटं, भुवई वर ओढलेली, त्या बाजूचा डोळा जास्त उघडा आणि नाकाचं मूळ तिकडेच कललेलं. यात मुली जास्त. पालक बरेचदा ‘डोळा लहान-मोठा आहे’ म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे जातात, त्यामुळे नेत्रतज्ज्ञांनी या धाग्याकडे दुर्लक्ष करू नये. दोन्ही कोरोनल जुळल्या असतील तर डोकं रुंद, आखूड आणि उंच होतं. अशा बाळाचे हात-पाय आणि चेहरा लगेच बघायचे, कारण शिवणीसोबत इतर दोषही असणारा आजार (सिंड्रोम) असू शकतो: बोटं चिकटलेली असतील तर अ‍ॅपर्ट, अंगठे रुंद असतील तर फायफर, डोळे बाहेर आलेले आणि गालाचा भाग मागे असेल तर क्रूझों.

मेटोपिक, म्हणजे कपाळाच्या मध्यातली. तिचा वाटा जुन्या पुस्तकांत दहा टक्क्यांच्या आसपास दिला आहे. गेल्या तीसेक वर्षांत तो वाढत गेला आणि बऱ्याच केंद्रांत आता ती दुसऱ्या क्रमांकावर आहे. मागची लॅम्बडॉइड सगळ्यांत दुर्मीळ, शंभरात एक ते तीन. म्हणजे अख्ख्या खान्देशात वर्षाला एखादं बाळ, किंवा तेही नाही.

---

केळीचं_पान (रावेर)

वर्षाला ७५ म्हणताय, पण ओपीडीत आठवड्याला तीन-चार बाळं चपट्या डोक्याची येतात. मग ती कोण?

---

मान_मोकळी (धुळे)

ती बाळं वेगळी, पानभाऊ. त्यांच्या शिवणी उघड्या असतात. एकाच कुशीवर निजून कवटी दबलेली असते. ही गोष्ट खरोखर खूप आढळते. कॅल्गरीत सात ते बारा आठवड्यांची ४४० बाळं तपासली तेव्हा ४६.६ टक्के बाळांत कमी-जास्त चपटेपणा निघाला, त्यातला बहुतेक सौम्य. झोपेतले अचानक मृत्यू टाळण्यासाठी अमेरिकेत १९९२ पासून बाळाला पाठीवर निजवण्याची शिफारस झाली, आणि नंतर चपट्या डोक्यांची संख्या वाढली. म्हणून पाठीवर निजवणं सोडायचं नाही, जागेपणी पालथं ठेवणं वाढवायचं.

दोन्हींतला फरक वरून बघितल्यावरच कळतो. बाळाला आईच्या मांडीवर बसवा, केस ओले करून चापून बसवा आणि थेट टाळूवरून खाली बघा. दाबाने चपटं झालेल्या डोक्यात चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असतो आणि त्याच बाजूचं कपाळही पुढे आलेलं असतं; सगळी आकृती तिरक्या ढकललेल्या चौकोनासारखी. लॅम्बडॉइड जुळलेली असेल तर कानामागचं हाड त्या बाजूला फुगतं, पलीकडच्या बाजूला मागचा वरचा भाग फुगतो आणि मागून पाहिल्यावर दोन्ही कान एका पातळीत दिसत नाहीत. ‘कान मागे म्हणजे लॅम्बडॉइड’ असं पाठ केलेलं असतं, पण कानाची जागा दोन्हीत फसवते. फुगवट्यावर जास्त भरवसा ठेवा.

दुसरी खूण काळाची. दाबाचा चपटेपणा जन्मतः नसतो, दीड-दोन महिन्यांत दिसायला लागतो आणि बाळ स्वतः कूस बदलायला, बसायला लागलं की कमी होतो. शिवणीचा दोष जन्मापासून असतो आणि महिन्यागणिक वाढतो.

मानेचा स्नायू तपासल्याशिवाय बाळाला घरी पाठवू नका. हनुवटी दोन्ही खांद्यांपर्यंत सारखी वळते का? एकीकडे अडली तर आधी मानेचा व्यायाम, आकाराचं नंतर. दूध पाजताना बाजू बदला, पाळण्यात डोक्याची दिशा बदला. झोळीत बाळ एकाच कुशीत रुतून बसतं, म्हणून दिवसभर झोळी नको. पालथं ठेवणं पहिल्या आठवड्यांपासून तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. वाढवत नेऊन दिवसाला एकूण अर्धा तास. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात ती काढून टाका. वर्षाच्या आतल्या बाळाला कसलीच उशी नको, गुदमरण्याचा धोका आहे.

डोक्याला आकार देणाऱ्या हेल्मेटबद्दलही विचारतील. दाबाच्या चपटेपणासाठी नेदरलँड्समध्ये झालेल्या यादृच्छिक चाचणीत (२०१४ मध्ये प्रसिद्ध, ८४ बाळं) हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या बाळांत दोन वर्षांच्या वयाला फरक दिसला नाही. एवढा खर्च पालकांवर टाकण्याआधी हे त्यांना सांगा.

---

सातपुडा_पायथा (तळोदा)

मोजायचं कसं ते कुणीतरी पायरीपायरीने लिहा. उपकेंद्रात कॅलिपर (दोन टोकांमधलं अंतर मोजायचं साधन) नसतो.

---

मोजपट्टी (जळगाव)

टेप न ताणणारी हवी. शिंप्याची कापडी टेप वर्षभरात ताणली जाते आणि सेंटीमीटरभर चुकवते. कागदी किंवा फायबरग्लासची घ्या. डोक्याच्या घेरासाठी टेप पुढे भुवयांच्या लगेच वर, बाजूला कानांच्या वरून, मागे सगळ्यांत बाहेर आलेल्या उंचवट्यावरून. तीनदा मोजा, सगळ्यांत मोठं माप लिहा, मिलिमीटरपर्यंत. वेणी, रबर, टोपी काढून.

जन्मतः ३४-३५ सेंमी, तीन महिन्यांना चाळीसच्या जवळपास, सहा महिन्यांना ४३, वर्षाला ४६. पहिले तीन महिने महिन्याला दोन सेंमी, पुढचे तीन महिने एक, नंतर अर्धा. मुलगा-मुलगी यांचे जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते वेगळे आहेत, सरमिसळ करू नका.

पण खरी गोम पुढे आहे. सॅजिटलच्या बाळात घेर सहसा नॉर्मल असतो, कधी तक्त्यातल्या वरच्या रेषेलाही लागतो. घेर बरोबर म्हणून सोडून दिलेली बाळं याच गटातली. म्हणून रुंदी आणि लांबी दोन्ही हवीत. कॅलिपर नसेल तर बाळाला सपाट टेबलावर पाठीवर निजवा, कानांच्या वर दोन्ही बाजूंनी दोन जाड पुठ्ठ्याच्या वह्या उभ्या टेकवा, बाळ बाजूला घेऊन वह्यांमधलं अंतर मोजा: ही रुंदी. कुशीवर निजवून कपाळ आणि मागचा उंचवटा यांमध्ये तसंच केलं की लांबी. रुंदीला लांबीने भागून शंभरने गुणा. उदाहरणार्थ रुंदी १०.३, लांबी १५.४, तर निर्देशांक ६७. साधारण ७५ ते ८५ मध्ये असावं. ७० च्या खाली आलं तर थांबायचं नाही, पाठवायचं. याच बाळाचा घेर चाळीस सेंमीच्या वर, म्हणजे तक्त्यावर अगदी निर्दोष भरतो, ते लक्षात घ्या.

मग बोट फिरवा. शिवणीवर कडक, सलग कंगोरा लागतो का? दोन्ही अंगठे शिवणीच्या दोन बाजूंना ठेवून आळीपाळीने हलकेच दाबा. उघडी शिवण किंचित हलते, जुळलेली अजिबात हलत नाही. हे जन्मानंतर लगेच करू नका. प्रसूतीत हाडं एकमेकांवर चढलेली असतात, ती आठवड्या-दोन आठवड्यांत जागेवर येतात. आणि कपाळाच्या मध्यावर नुसता कंगोरा असेल, पण कपाळ त्रिकोणी नसेल आणि डोळे जवळ आलेले नसतील, तर तो आजार नव्हे. मेटोपिक शिवण तीन ते नऊ महिन्यांत नैसर्गिकरीत्याच जुळते.

---

केळीचं_पान (रावेर)

टाळू उघडी असेल तर चिंता नाही, असं सगळेच म्हणतात. आजीही आणि काही डॉक्टरही.

---

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सॅजिटल जुळलेल्या बहुतेक बाळांत पुढची टाळू उघडीच असते. टाळूवरून निदान होत नाही, ना इकडचं ना तिकडचं. टाळू लवकर लहान झाली पण घेर रेषेवर चालला असेल आणि आकार ठीक असेल, तर काही करायचं नाही. पुढची टाळू भरायचं वय नऊ ते अठरा महिने, कधी चोवीसपर्यंत. आणि तेलाने टाळू भरल्यामुळे शिवण जुळत नाही, तेवढा दोष आजीला देऊ नका.

खरी भीती दुसऱ्या टोकाला आहे. घेरच खूप मागे, डोकं सगळीकडून सारखं लहान आणि वाढ मंद असेल, तर बहुधा मेंदू वाढत नाही म्हणून शिवणी मिटल्या आहेत. तिथे कवटी उघडून काही मिळत नाही. हे वेगळं न करता पालकांना ‘ऑपरेशनने डोकं वाढेल’ असं सांगितलं जातं, ते चूक आहे.

---

थ्रीडी_खिडकी (धुळे)

इमेजिंगबद्दल थोडं परखड लिहितो. चपटं डोकं दिसलं की तालुक्यालाच सीटी काढायची सवय बंद व्हायला हवी. अनुभवी माणसाने बघितलं तर बहुतेक बाळांना कुठल्याच तपासणीची गरज पडत नाही. शंका उरलीच तर पहिल्या सहा महिन्यांत शिवणीची सोनोग्राफी करा. वरवर चालणारा, जास्त फ्रिक्वेन्सीचा सपाट प्रोब घ्या, शिवणीला आडवा धरा. उघड्या शिवणीत दोन हाडांमध्ये काळी फट दिसते, जुळलेली असेल तर पांढरी रेघ सलग जाते. किरणोत्सर्ग नाही, भूल नाही. फक्त शिकलेला हात हवा.

साध्या एक्स-रेत कोरोनलची एक चांगली खूण मिळते: त्या बाजूच्या डोळ्याच्या खोबणीची वरची कड बाहेर-वर ओढलेली, विदूषकाच्या मुखवट्यासारखी. बाकी एक्स-रेवर फार विसंबू नका.

सीटी एकदाच, आणि जिथे शस्त्रक्रिया होणार तिथेच किंवा तिथल्या सर्जनना विचारून. लहान मुलांचा कमी मात्रेचा प्रोटोकॉल, मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप, हाडाची खिडकी (हाड स्पष्ट दाखवणारी मांडणी) आणि थ्रीडी पुनर्रचना. नुसती फिल्म देऊ नका, मूळ डेटा सीडीवर द्या; फिल्मवरून कुणी ऑपरेशन आखू शकत नाही आणि बाळाला दुसऱ्यांदा मशीनमध्ये जावं लागतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला भूल देण्याची घाई नको. भूक लागेपर्यंत थांबा, पोटभर दूध पाजा, ढेकर काढा, दुपट्यात घट्ट गुंडाळा, दिवे मंद करा. स्कॅन काही सेकंदांचा असतो.

---

टाका_दोरा (नाशिकहून, मूळचा अमळनेरचा)

वयाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण निदान बरोबर होऊनही बाळ उशिरा पोचतं.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया तीन महिन्यांच्या आसपास सर्वांत सोपी जाते. सहा महिन्यांनंतर हाड जाड आणि ताठ झालेलं असतं, मग तिचा फायदा उरत नाही. दोन-तीन सेंटीमीटरच्या दोन चिरा, जुळलेल्या शिवणीची पट्टी काढायची, एक-दोन दिवसांत घरी. पण ती अर्धीच गोष्ट. आकार नंतरचं हेल्मेट देतं. दिवसाला तेवीस तास, बाळ साधारण वर्षाचं होईपर्यंत, आणि डोकं वाढेल तसं ते बदलावं लागतं. हेल्मेटच्या भेटी जमणार नसतील तर दुर्बिणीचा हट्ट धरू नये.

उघडी शस्त्रक्रिया, म्हणजे कवटीची हाडं काढून नव्याने मांडणं, सहा ते बारा महिन्यांत. कपाळ आणि डोळ्यांच्या वरची कड पुढे आणायची असेल तर नऊ ते बारा. चीर कानापासून कानापर्यंत, नागमोडी, म्हणजे केसांत लपते. तीन ते सहा तास, एक रात्र अतिदक्षता विभागात, चार-पाच दिवस मुक्काम. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळे सुजून पूर्ण मिटतात. हे आधी सांगितलं नाही तर नातेवाईक घाबरतात. दीड-दोन वर्षांनंतर मेंदूच्या आवरणातून नवं हाड तयार होण्याची ताकद उतरते आणि मोकळ्या जागा तशाच राहतात, म्हणून ‘जरा मोठं होऊ द्या’ हा सल्ला महागात पडतो.

सगळ्यांत मोठा धोका रक्ताचा. बाळाच्या अंगात किलोमागे सुमारे ८० मिली रक्त असतं. सहा किलोच्या बाळात ४८०. १२० मिली गेलं म्हणजे चौथा हिस्सा गेला. त्यात तीन महिन्यांच्या वयाला हिमोग्लोबिन नैसर्गिकरीत्याच तळाला असतं. ताजं, लहान पिशवीत विभागलेलं रक्त टेबलावर आल्याशिवाय चीर द्यायची नाही. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडने रक्तस्राव कमी होतो, ते बहुतेक ठिकाणी देतात.

‘केवळ दिसण्यासाठी ऑपरेशन का?’ हा प्रश्न येतोच. एकच शिवण जुळली असेल तर साधारण दहा ते वीस टक्के बाळांत कवटीतला दाब वाढलेला सापडतो, अनेक जुळल्या असतील तर जवळपास निम्म्यांत. बाळ हसतं-खेळतं असतानाही दाब असू शकतो. ताठ फुगलेली टाळू, सततची उलटी, बुबुळं खाली उतरलेली ही उशिराची लक्षणं. डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घ्या. पण लहान बाळात पडदा नॉर्मल दिसला म्हणून दाब नाही, असं होत नाही.

---

सातपुडा_पायथा (तळोदा)

आमच्या भागासाठी यात एक भर घालायलाच हवी. भिल्ल, पावरा समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. एवढ्या रक्तस्रावाच्या शस्त्रक्रियेआधी बाळाचा सिकलसेल माहीत नसणं परवडणारं नाही. विद्राव्यता चाचणी सहा महिन्यांखाली भरवशाची नसते, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन अजून शिल्लक असतं आणि ती खोटी निगेटिव्ह येते. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या) करा, आई-बापाचीही करा. नमुना रक्त चढवण्याआधी घ्या. नंतर दोन-तीन महिने रक्तदात्याचंच हिमोग्लोबिन दिसत राहतं. निदान झालेलं असेल तर भूलतज्ज्ञांना आदल्या आठवड्यात कळवा. थंडी, उपासाने आलेलं शुष्कपण आणि ऑक्सिजनची कमतरता, तिन्ही टाळायचं असतं.

दुसरं, ऊसतोडीचं. दिवाळीनंतर शहादा, तळोदा, धडगावकडची कुटुंबं गुजरातेत जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या मोसमात जन्मलेलं बाळ नेमकं दुर्बिणीच्या वयात मुकादमाच्या पालावर असतं. कार्डावर माप लिहिलेलं असेल तरच पुढचा माणूस तुलना करू शकेल.

---

मान_मोकळी (धुळे)

हेल्मेट आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला जातो आणि तेवीस तासांचं हेल्मेट. पालकांना हे आधी सांगा: आतला भाग रोज सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवायचा, टाळूला तेल किंवा पावडर नको, डोकं रोज धुवायचं, खोलीत कूलर हवा. काढल्यावर दिसणारा लाल वण तासाभरात मावळला पाहिजे. नाही मावळला तर तिथे दाब पडतोय, ऑर्थोटिस्टकडे (हेल्मेट बनवणाऱ्याकडे) जाऊन घासून घ्यायचं. घरीच कात्रीने स्पंज कापू नका. ताप आला तर उतरेपर्यंत काढून ठेवा.

---

केळीचं_पान (रावेर)

नात्यात लग्न हे कारण आहे का? पालक पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि दोष आईच्या माहेरावर जातो.

---

गिरणाकाठ (चाळीसगाव)

बहुतांश वेळा नाही. ज्या जनुकांची नावं इथे येतात, एफजीएफआर२, एफजीएफआर३, ट्विस्ट१, ती प्रबळ पद्धतीने काम करतात. एकच बिघडलेली प्रत पुरते. अ‍ॅपर्टमध्ये तर बदल बहुतेकदा नव्याने झालेला असतो, बापाच्या वाढत्या वयाशी त्याचा संबंध दिसला आहे. सगळ्या केसेसपैकी पंधरा ते तीस टक्के सिंड्रोमच्या. आई-बापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक गरोदरपणात ५० टक्के शक्यता. एकटी सॅजिटल असेल तर कुटुंबात दुसरी केस सापडण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास, कोरोनलमध्ये आठ-दहा. म्हणून कोरोनलमध्ये, एका बाजूची असली तरी, एफजीएफआर३ आणि ट्विस्ट१ तपासून घ्यावं, आणि आई-बापाचे चेहरे, बोटंही नीट बघावीत.

गरोदरपणी घेतलेल्या औषधांत व्हॅल्प्रोएटचा मेटोपिकशी संबंध आहे. फिट्सची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यायची.

---

थ्रीडी_खिडकी (धुळे)

मुडदूसही विसरू नका. कडक ऊन असलं तरी बाळ आणि बाळंतीण दोघंही घरात असतात. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडं मऊ होतात आणि पुढे शिवणी जुळू शकतात. फॉस्फेट गळण्याच्या आनुवंशिक मुडदुसात हे जास्त. वर्षाच्या पुढचं मूल आणि डोक्याचा आकार अलीकडेच बदललेला असेल, तर कॅल्शियम, फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि ‘ड’ची पातळी आधी बघा, सर्जन नंतर. पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट ‘ड’ द्यायचं असतं, ते थेंब आणून कपाटात ठेवलेले असतात.

---

मोजपट्टी (जळगाव)

मूळ प्रश्नाकडे येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातं. म्हणजे बाळ पहिल्यांदा पथकासमोर सहा महिन्यांचं होऊनही येऊ शकतं. आशाताईंच्या नवजात भेटी ४२ व्या दिवशी संपतात, पुढची घरभेट तिसऱ्या महिन्याला. मधल्या काळात बाळ कुठे हमखास येतं? लसीकरणाला: सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. चौदाव्या आठवड्याला तीन महिने उलटून गेलेले असतात, तिथे ओळखून रेफर केलं तर तारीख मिळेपर्यंत पाचवा महिना. म्हणून माप सहाव्या आणि दहाव्या आठवड्यालाच घ्यायचं. सुई टोचण्याआधी, नंतर बाळ रडतं आणि टेप धरता येत नाही. एका बाळाला दोन मिनिटं लागतात.

---

सातपुडा_पायथा (तळोदा)

लिहायचं कुठे? आणि पाठवताना चिठ्ठीत काय?

---

टाका_दोरा (नाशिकहून)

माता-बाल कार्डावर वजनाच्या आलेखाशेजारी पेनाने तीन आकडे: घेर, रुंदी, लांबी, तारखेसह. चिठ्ठीत नुसतं ‘डोक्याचा आकार वेगळा’ लिहू नका. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत याचं वेगळं नाव नाही, त्यामुळे मोघम चिठ्ठी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मागे पडते. ‘सॅजिटल शिवण जुळल्याची शंका, निर्देशांक ६७, वय दहा आठवडे, बालमेंदू-शल्यचिकित्सकांचं मत बाळ चौदा आठवड्यांचं होण्याआधी हवं’ असं लिहा. वयाची अट चिठ्ठीत असली की तारीख लवकर मिळते.

सोबत पाच फोटो: वरून, समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, केस ओले करून, मोबाइल डोक्याच्या पातळीत धरून. वरचा फोटो तिरका आला की त्याचा उपयोग शून्य, नाकाचं टोक आणि दोन्ही कान एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. हे आधी पाठवले तर अर्ध्या बाळांना प्रवासच पडणार नाही. ज्यांना बोलवावं लागेल त्यांनी जन्मदाखला, आई-बापाचं आधार आणि रेशनकार्ड घेऊन यावं, आणि जन आरोग्य योजनेत कुठलं पॅकेज लागतं ते आरोग्यमित्राला पहिल्याच भेटीत विचारावं. भरती झाल्यावर नाही.

---

केळीचं_पान (रावेर)

फोटो पाठवताना बाळाचं नाव-गाव नको, फक्त वय आणि मापं. उद्या लसीकरणाचा दिवस आहे, आमच्याकडची टेप ताणलेली निघाली. आधी नवी मागवतो.